औलिक्कीचा नासपतीचा केक

औलिक्की हेइस्कानेनचं छोटं कॉफीघर पराइनेन या फिनिश गावातल्या बोटीच्या धक्क्यावर होतं. घरामागच्या नासपतींचा केक ती करायची आणि गावकरी तो खाल्ल्याशिवाय बोटीत चढत नसत. उन्हाळ्यातले इंग्रज पाहुणे मात्र केकचं नाव ऐकलं की एकमेकांकडे बघायचे आणि नुसतीच कॉफी मागायचे.

साठीला टेकलेली औलिक्की मनातून खट्टू व्हायची. इंग्रजी ती रेडिओ ऐकून हौसेने शिकली होती. मग चुकतंय कुठे?

एकदा एका इंग्रज बाईने चाचरतच विचारलं, "हे तुम्ही... आणता कुठून?"

"आणायचं कशाला? घरामागेच आहेत! नवरा काठीने पाडतो, मी सोलते."

बाईने मुलांना जवळ ओढलं आणि खिडकीतून मागच्या अंगणाकडे बघत राहिली.

कोपऱ्यात मॉरीन बसली होती. गावच्या सुताराशी लग्न करून ती तरुणपणीच इंग्लंडहून इथे आली होती. तिला हसताहसता ठसका लागला.

"अगं, तू त्यांना अस्वल खायला घालतेयस!"

इंग्रजीत नासपती म्हणजे पेअर आणि अस्वल म्हणजे बेअर. औलिक्कीच्या फिनिश तोंडातला 'प' कोरडाच निघायचा, त्यात वाऱ्याचा झोत नसायचा. इंग्रजी कानांना तो 'ब' ऐकू यायचा.

औलिक्की लाजेने लाल झाली. मग टेबलावर डोकं टेकून खूप वेळ हसली. "म्हणजे टाउनो काठीने अस्वलं पाडतो?"

"आणि तू सोलतेस!"

मॉरीनने तिच्या तळहातावर चिमूटभर मैदा ठेवला. "तोंडासमोर धर आणि पेअर म्हण. मैदा उडाला पाहिजे."

मैदा जागचा हलला नाही. पण औलिक्की हट्टाची. हिवाळाभर ती स्वयंपाकघरात फुंकरा मारत होती. टाउनोचं वर्तमानपत्र पांढरं झालं.

"काय गं ही फुसफुस? माझ्याशी भांडतेयस का?"

"तुझ्याशी भांडायला मला इंग्रजी लागत नाही."

पुढे पुढे फिनिशमध्ये बटाटे, म्हणजे 'पेरुना', मागतानाही तिची फुंकर सुटायला लागली. दुकानदाराने काळजीने विचारलं, "सर्दी झालीय का?"

उन्हाळा आला. एक म्हातारं इंग्रज जोडपं केक ठेवलेल्या काचेपाशी थबकलं. "हा कशाचा?"

औलिक्कीने श्वास भरून घेतला. "पेअर."

"नासपती!" म्हाताऱ्याचे डोळे लकाकले. "माझी आई करायची." एक तुकडा संपला, दुसरा मागवला, गप्पा रंगल्या आणि बोट त्यांना न घेताच सुटली. दोघांनाही त्याचं काही वाटलं नाही. त्या दिवसापासून केक दुपारपर्यंत टिकेना.

"आता पुढचं काय?" औलिक्कीने मॉरीनला विचारलं.

"आता 'थँक यू'मधला 'थ'. त्याला जीभ दातांबाहेर काढावी लागते."

"गिऱ्हाइकांसमोर?"

"गिऱ्हाइकांसमोर."

औलिक्की वळली आणि कपबशा धुणाऱ्या टाउनोला जीभ दाखवून लगेच सरावाला लागली.