उशाशी ठेवलेला वायरलेस

खालच्या मोकळ्या जागेत भंगारवाला आज पुन्हा वायरी जाळतोय, आतल्या तांब्यासाठी. तो काळा, कडवट धूर तिसऱ्या मजल्यापर्यंत चढतो आणि घशात बसतो. खिडकी लावावी तर मिरकरवाडा बंदराकडचा वारा तुटतो, उघडी ठेवावी तर हा वास. गुडघे गेल्यापासून माझा समुद्र या चौकटीएवढाच उरलाय. वास आला की सूनबाईचा वर्ग आठवतो.

ती कॉलेजात कम्प्युटर शिकवते. काम नसेल तेव्हा यंत्र बंद करा, बिघडलं तर आधी दुरुस्त करा, अगदीच मेलं तर भंगारात न घालता जमा करा, कारखान्यात ते नीट सुटं करतात, असं मुलांना सांगते. घरातही तेच. मी खुर्चीतून उठायचा अवकाश, माझ्यामागे पंखा बंद. गेल्या वर्षी मुलांनी घरोघरचे बंद मोबाइल गोळा केले, आणि तिची नजर माझ्या उशाशी ठेवलेल्या वायरलेसवर गेली. माझी मासेमारीची बोट विकली तेव्हा तेवढा मी काढून आणला होता. धाकटा भाऊ दुसऱ्या बोटीवर तांडेल, बोट चालवणारा; तुफानात त्याचा शेवटचा आवाज यातूनच आला. जाळं ओढतोय, येतो, म्हणाला. मग नुसती खरखर. पुढे सेटही मुका झाला, तरी नारळी पौर्णिमेला बोटीला लावायचो तसं हळदकुंकू मी त्याला लावतो.

मुलांना दाखवू तरी द्या, म्हणाली. सेट जाईल तिथे मी जाणार, असा मी हट्ट धरला. रिक्षातून कॉलेजात नेलं, दोघा मुलांनी धरून पहिल्या बाकावर बसवलं. सेट मांडीवर, आणि आपल्या पायांनी उठून जायची सोय नाही. मुलं एकेक वस्तू खोक्यात टाकत होती. खोकं माझ्यापुढे आलं.

"आजोबा, यात शिसं असतं. पाण्यात गेलं तर माशांना वाईट," एक मुलगी हळूच म्हणाली.

माशांचं नाव काढल्यावर मी सेट खोक्यावर धरला. पण हात सुटेनात.

"नाय देणार गो. काय करायचं ते करा."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. सूनबाईनं खोकं बाजूला घेतलं. "हा जमा होणार नाही. वापरात नसलेलं आपण मागतो. बाबा तो अजून वापरतात."

मान राहिला माझा, आणि अडकलो तोही तेव्हापासून. हल्ली कधी वाटतं, द्यावा, भावालाही मोकळं करावं. पण तिनं भरल्या वर्गात माझी बाजू घेतली. आता कुठल्या तोंडानं घेऊन जा म्हणू? चौथीतून शाळा सोडतो म्हणालो, तेव्हासुद्धा मी शब्द मागे घेतला नव्हता. तिला हे सांगितलेलं नाही, पण भावाचा आवाज आता मला नीट आठवत नाही. सेट तेवढा आहे.