शेरूला बांधून ठेवलं ते चार दिवस

उत्तमराव गेल्याचं त्यांच्या सुनेनं कुंपणावरून सांगितलं, तेव्हा शेरू आमच्या व्हरांड्यात बांधलेला होता… मीच बांधला होता. महिना झाला, पण ते मनातून जात नाही.

पिंगळीत आमची घरं शेजारी शेजारी. मी निवृत्त कारकून, ते गुरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले. शेरू माझा, परभणीहून कुशीत घेऊन आणलेला लॅब्राडोर. दूध-पोळी, उन्हाळ्यात कूलर, सगळं केलं. तरी तो फुगत गेला, चपला फाडायचा, येईल त्याच्या अंगावर धावायचा. उत्तमराव एकदा म्हणाले, "साहेब, तुमी लय जीव लावता, पण कुत्र्याला कुत्रं लागतंय. तुमाला त्याच्यासंगं मातीत लोळता येतंय का?" दुसऱ्या दिवसापासून आपल्या दोन गावठी कुत्र्यांबरोबर ते शेरूलाही स्टेशनामागच्या रानात नेऊ लागले. लगेच सोडायचे नाहीत. आधी तिघांना बांधापर्यंत सोबत चालवायचे, एकमेकांचा वास घेऊ द्यायचे, मग पट्टे काढायचे. मग पळापळ, कुस्ती, खोटे खोटे चावे. एकानं जास्त दाबलं की दुसरं केकाटायचं आणि पहिलं आपणहून मागं सरायचं. महिन्याभरात शेरू सडपातळ झाला, दुपारी गाढ झोपू लागला, पोस्टमनवर भुंकेनासा झाला. "उत्तमभाऊनं कुत्रं माणसात आणलं," असं बायको चारचौघांत सांगायची आणि माझ्या पोटात दुखायचं. तीन वर्षं मी वाढवलेलं कुत्रं सकाळी त्यांचं खाकरणं ऐकताच दार खरवडायचं. माझ्या हाकेला नुसती शेपटी हलवायचं.

शेवटी मी खोटं बोललो. "अंग गरम हाय त्याचं, नका नेऊ." ते चारही दिवस आले. "बघू का जरा?" म्हणाले. मी म्हटलं, "झोपलाय." आत शेरू साखळी ओढून रडत होता, ते त्यांना ऐकू आलंच असणार. "बरं, आराम करू द्या," म्हणून ते आपल्या दोघांना घेऊन गेले… पाचव्या दिवशी पहाटे त्यांच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं.

आता तिन्ही कुत्र्यांना मीच नेतो. बांधापर्यंत चालवतो, मग सोडतो. पण निघताना शेरू आधी उत्तमरावांच्या ओसरीवर जातो आणि रिकाम्या खाटेखाली नाक घालून बसतो. गेलेल्या माणसाचा हेवा करू नये हे कळतं, तरी मला अजून वाटतो. पण मी त्याला हाक मारत नाही. त्याचं होईपर्यंत फाटकाशी उभा राहतो.