स्पेनचे आरोग्यमंत्री

भेटायला आलेल्या माणसाला डॉन एमिलियो व्हरांड्यात ताटकळत ठेवी. आत त्याला काही काम नसे. पडद्याच्या फटीतून तो बाहेर बघत बसलेला मला कितीदा दिसला होता. बराच वेळ गेला की घसा खाकरून विचारायचा, "पुढचे कोण?" पुढचेमागचे कोणी नसायचेच. दूधवाला असे, नाहीतर मी.

हा गृहस्थ स्पेनचा माजी आरोग्यमंत्री. तिकडे यादवी झाली, सरकार बुडाले, आणि मुंबईत कापसाचा व्यापार करणाऱ्या मेव्हण्याने त्याला लोणावळ्यातल्या आपल्या बंगल्यात आणून ठेवले. मी तिथे शाळेत इंग्रजी शिकवत असे. याचे मोडकेतोडके इंग्रजी नोकरांना मराठीत सांगायला मेव्हण्याने मला नेमले, आणि याची सारी कारकीर्द मला याच्याच तोंडून ऐकावी लागली. आधी हा राजाच्या बाजूचा वकील. राजा गेला आणि हा लगेच प्रजासत्ताकवाला झाला. सासऱ्याच्या वर्तमानपत्राच्या जोरावर निवडून आला, पक्ष बदलत राहिला आणि एका उन्हाळ्यापुरता मंत्री झाला.

"मी हुकूम काढला आणि गावोगाव प्रसूतिगृहे उभी राहिली," हे त्याचे पालुपद. किती उभी राहिली, असे मी एकदा विचारले. म्हणाला, "हुकूम तर सगळ्या गावांसाठी होता." लढाई सुरू झाल्यावर सरकारी मोटारीतून सरहद्द ओलांडणारा पहिला मंत्री हाच. त्याचीही लाज नव्हती. "पुढाऱ्याने पुढेच असावे," तो म्हणे, आणि ही मोटारीची गोष्ट माझ्याकडून नोकरांनाही मराठीत ऐकवी.

बंगल्याचा माळी धोंडिबा आंदर मावळातला. त्याची लेक सखू पहिल्या बाळंतपणाला बापाकडे, बंगल्यामागच्या खोलीत आली होती. एका दुपारी ती अडली. सुईणीने हात टेकले. "तळेगावला दवाखान्यात न्या, न्हाईतर दोनी जीव जातील," ती म्हणाली. मेव्हण्याची मोटार दारात उभी होती, ड्रायव्हर हजर होता, पण डॉन एमिलियोच्या हुकमाशिवाय ती हलत नसे. धोंडिबा आणि मी धावत गेलो, तर आम्हाला व्हरांड्यात थांबायचा हुकूम झाला. मी पडदा सारून आत शिरलो. हा एकटाच पत्ते लावत बसला होता.

सगळे ऐकून म्हणाला, "मोटारीच्या गाद्या खराब होतील. उद्या बघू."

शेवटी बाजारातल्या इब्राहिमभाईंनी लॉरीतल्या कोळशाच्या गोण्या उतरवून तिला नेले. सखू वाचली. मूल वाटेतच गेले.

दुसऱ्या दिवशी धोंडिबा आपले सामान न्यायला आला. हा व्हरांड्यातून ओरडला, "गुलाबांना पाणी का नाही?" मी मराठीत सांगितले. धोंडिबा पायरीशी आला.

"सायेब, तुमी मुलूक टाकून पळालात तवा तुमास्नी मोटार गावली. माज्या लेकीला न्हाई गावली. आता गुलाबास्नी तुमीच पानी घाला."

"काय म्हणतो? रजा मागतो?"

मी शब्द न् शब्द सांगितला. त्याचा चेहरा लालबुंद झाला. "असल्या लोकांसाठी मी जन्मभर खपलो!" तो म्हणाला आणि आत निघून गेला. मी पुन्हा त्या बंगल्याची पायरी चढलो नाही.

महायुद्ध संपल्यावर स्पेनच्या परागंदा पुढाऱ्यांनी परदेशात नवे मंत्रिमंडळ बनवले. त्यात याला कोणी विचारले नाही. "तार चुकून दुसऱ्या गावाला गेली असेल," असे तो सांगत असे, हे मला ड्रायव्हरकडून कळले. ट्रंका भरून वाट बघत राहिला, आणि त्याच हिवाळ्यात वारला.

पुढे एकदा कार्ल्याला सखू भेटली. कडेवर वर्षाची मुलगी होती. बोलता बोलता बंगल्याचा विषय निघाला.

"मास्तर, त्यो सायेब त्येंच्या मुलखात काय काम करायचा वं?"

"आरोग्यमंत्री होता. लोकांची दुखणी, बाळंतपणं बघायचं खातं."

 ती पदर तोंडाला लावून जी हसत सुटली ती थांबेचना. तिचे बघून कडेवरची पोरही हसू लागली.