पंचबाईंसमोर डॉक्टरांची आई
पंचबाई मला पहिल्या दिवसापासून आवडल्या नाहीत. मी दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली काम करते. त्यांच्या कामात खोट काढायला बाहेरून कुणी यावं, हेच मला झोंबलं. पण नियम डॉक्टरांनीच केला होता: ज्याने दात बसवला, त्याने तो तपासायचा नाही. दात काढला त्याच दिवशी हाडात स्क्रू बसवून त्यावर नवा दात लावायचा, ही त्यांची झटपट पद्धत. असा दात जुन्या, आधी जखम भरू देणाऱ्या सबुरीच्या पद्धतीच्या दाताइतका टिकतो का, याचा निकाल त्या देणार होत्या, म्हणून आम्ही त्यांना पंचबाई म्हणायचो. निकाल चांगला लागला, तर डॉक्टर ही पद्धत इतर दंतवैद्यांना शिकवणार होते.

पंचबाई स्वतः दंतवैद्यच. पाठीने दगा दिला तेव्हा त्यांनी ऑपरेशनं सोडली आणि दुसऱ्यांच्या कामाची तपासणी धरली. ओळखीचा निकालावर परिणाम नको, म्हणून माणसं जोडण्याच्या बाबतीत आनंदच होता. चहासुद्धा घरून थर्मासमध्ये आणायच्या. एकदा एका डॉक्टरांनी मुलीच्या लग्नाचं बोलावणं केलं, तर म्हणाल्या, आधी तुमचा निकाल लागू दे. एक्स-रे बघताना शेजारी कुणी नुसतं ‘हं’ केलं, तरी त्यांच्या कपाळावर आठी चढायची.

त्या दिवशी खुर्चीत डॉक्टरांची आई होती; आम्ही त्यांना काकू म्हणायचो. त्यांनाही झटपट पद्धतीनेच दात बसवलेला. नियमाप्रमाणे डॉक्टर बाहेर थांबले. धुरकट काचेतून त्यांच्या येरझारा मला दिसत होत्या.

पंचबाईंनी दात बोटाने हळूच दाबला. काकूंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. खुणांच्या बारीक सळईने हिरडी मोजली, तर रक्त आलं. मग एक्स-रे उजेडावर लावला. स्क्रूभोवतीचं हाड निम्म्याहून अधिक गेलं होतं. म्हणजे हा दात फसला होता.

"मला यातून वगळ ना," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "मी तपासायला आलेच नाही, असं समज. एका म्हातारीने काय फरक पडतो?"

खरं सांगते, मलाही वाटलं, म्हणा हो, तुमचं काय जातंय.

पंचबाईंनी हातमोजे उतरवले आणि काकूंच्या मनगटावर हात ठेवला. "काकू, दुखणारे वगळत गेलं की उरतात ते सगळे ठणठणीतच. मग उद्या दुसऱ्या कुणाच्या आईला असाच दात बसेल."

काकूंनी तोंड फिरवलं. पंचबाईंनी डॉक्टरांना आत बोलावलं आणि एक्स-रेकडे बोट दाखवलं. डॉक्टरांचे कान लाल झाले. आधी त्यांनी आईच्या वयाला दोष दिला, मग तिच्या ब्रशला. पंचबाईंनी एक्स-रेवरचं बोट हलवलं नाही. तेव्हा ते आईवरच उखडले.

"दुखत होतं तर बोलली का नाहीस? मी दर वेळी विचारत होतो."

"तू विचारायचास, ‘छान बसलाय ना, आई?’ मग मी छान म्हणायचे," काकू म्हणाल्या. "दुखतंय का, असं कधी विचारलंस?"

डॉक्टर स्टूल ओढून आईजवळ बसले. मला मात्र बाहेरच्या बाकाकडे बघवेना. तिथे आणखी पेशंट बसले होते. त्यांनाही डॉक्टर दर वेळी असंच विचारायचे, आणि सगळेच छान म्हणायचे.