पहिल्या नंबरची रांग

आमच्या दाजींना कारखान्यात सगळे हेडमास्तर म्हणायचे. वेल्डिंगच्या तिसऱ्या रांगेत सोळा रोबो आणि त्यांच्या देखरेखीला हा एक माणूस. जाता-येता एकेकाला दम भरायचे, "सात नंबर, लक्ष कुठंय आज?" माझी ताई त्यांची बायको, तेव्हा त्यांची थट्टा करायचा मला हक्कच होता. मी ती सोडतही नव्हतो.

माझं काम वरच्या मजल्यावर, काचेच्या खोलीत. कुठला रोबो किती वेळा थांबला, किती जोड चुकले, माणसाला किती वेळा हात लावावा लागला, ही सगळी आकडेवारी माझ्याकडे यायची. ती बघून मागे पडलेल्या रोबोंना सुधारायचं, अशी योजना. साहेबांवर छाप पडावी म्हणून मी दाराशी फलक लावला, रांगांचे रोजचे नंबर. डोकं माझंच, दुसऱ्या कुणाच्या माथी मारता येत नाही.

पहिल्याच आठवड्यात दाजींची रांग शेवटून पहिली. माणसाला जेवण जाईना.

"माझी पोरं नापास कशी होतात रे?"

"तुम्ही तासातासाला कार्ड लावून रोबो थांबवता आणि तारेच्या ब्रशने त्यांची वेल्डिंगची तोंडं साफ करता. कार्डाची नोंद झाली की ती माणसाची मदत धरली जाते. गुण कापले जातात."

"मग साफ नको करू? चार तासांत जोड बिघडतील."

"करा हो. भाग बदलताना रोबो अठरा सेकंद गप्प उभा असतो. तेवढ्यात उरका. कार्ड लावू नका."

हे मी म्हणालो. ताईच्या हातचं जेवत, तोंडात घास असताना.

महिन्याभरात रांग पहिली आली आणि वर्षभर तिथून हलली नाही. अठरा सेकंदांत तापलेलं तोंड घासायचं म्हणजे बोटं भाजणारच. दाजी ती खिशात लपवायचे, फलकासमोर उभे राहायचे, आणि घरी जाऊन ताईला नंबर सांगायचे. ताई हसायची. मीही हसायचो.

मग एक दिवस साहेबांनी माझा अहवाल उघडला. तिसरी रांग, माणसाची मदत, वर्षभरात शून्य.

"मग तिथे माणूस ठेवलाय कशाला?" त्यांनी मला विचारलं.

खरं सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न माझ्यावर आला असता. माझी बढती तोंडावर होती. मी म्हणालो, "आकडे तर तसंच सांगतात, साहेब."

दाजींच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. एका कागदावर त्यांना घरी बसवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सोळाच्या सोळा रोबो बिघडले. वर्षभर एक तक्रार नाही आणि हा माणूस गेल्याबरोबर सगळे एकदम! साहेबांना फार डोकं चालवावं लागलं नाही. जाताना यानेच काहीतरी करून ठेवलं, असं ठरलं आणि चौकशी लागली.

बोलावणं आलं तेव्हा दाजींनी इस्त्रीचा शर्ट घातला. मला फोन करून म्हणाले, "बघ, माझ्याशिवाय अडलं ना त्यांचं? परत घेतायत." कशासाठी बोलावलंय ते मला ठाऊक होतं. मी म्हणालो, "या लवकर."

चौकशीत विचारलं, रोबोंना काय केलंत? दाजी म्हणाले, "साफ करत होतो. रोज. दर तासाला."

साहेब माझ्याकडे वळले. "नोंद आहे?"

मी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे फिरवला. "एकही नाही."

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. नुसतं माझं नाव घेतलं असतं तरी पुरे होतं. बायकोचा भाऊ म्हणून नाही घेतलं. मग त्यांनी खिशातून ब्रश काढून टेबलावर ठेवला. तारा झिजून मुळाशी आल्या होत्या. साहेबांनी तो कागदात गुंडाळला आणि लिहून घेतलं, 'छेडछाडीचं साधन संबंधिताने स्वतः हजर केलं.' घरी बसवलेल्या दाजींना आता हक्काचे पैसेही न देता बडतर्फ केलं. त्या कागदावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे.

संध्याकाळी ताईचा फोन आला.

"हे आल्यापासून जेवले नाहीत रे. भिंतीकडे तोंड करून पडलेत. पण तू आत होतास, तेवढाच मला आधार वाटला."

"हो ताई," मी म्हणालो, "मी होतो की."