दोन गट

"किसन्या, मागं हो. तुझा नंबर न्हाई अजून."

पाटलाचं पोरगं माझ्या बापाला असं म्हणालं. त्याला अजून मिसरूड फुटलं नव्हतं. बा त्याच्या बापाच्या वयाचा.

पोळ्याचा दिवस. मारुतीसमोर तोरण बांधलेलं. सेनगाव तालुक्यातलं आमचं गाव. तोरणाखालून आधी पाटलाची मानाची जोडी जायची, मग साऱ्या गावाची बैलं, आणि सगळ्यात शेवटी आमच्या बौद्धवाड्याची. आमची एकच जोडी. बानं शिंगं रंगवली होती. मायनं जुन्या लुगड्याची झूल शिवली होती. वाजंत्रीला आमचा ढवळ्या बिथरला आणि चार पावलं पुढे सरकला. बस, एवढाच गुन्हा. चाबूक बसला. बैलाला नाही, बाच्या पाठीवर.

बा हसला. हो, हसला! "चुकलं मालक," म्हणाला. मी झूल धरून उभा होतो. त्या चाबकापेक्षा मला त्या हसण्याचा जास्त राग आला.

मी शिकलो. हिंगोलीला, मग मुंबईला. न्यूज चॅनलमध्ये लागलो. संपादक म्हणाले, "आवाज झकास आहे तुझा. फक्त स्क्रीनवर आडनाव नको. लोकांना उगाच प्रश्न पडतात." कसले प्रश्न, ते मी विचारलं नाही. नोकरी पाहिजे होती.

रोज संध्याकाळी कोट, टाय, तोंडाला पावडर. समोर काचेवर सरकणारी अक्षरं, कानात संपादकांचा आवाज. अक्षरं सरकतील तसं वाचायचं. तिकडे सारी वस्ती आमच्या घरात टीव्हीपुढं बसायची. माय शेजारणीला म्हणायची, "माझं लेकरू साऱ्या महाराष्ट्राला बातम्या सांगून राहिलं."

गेल्या पोळ्याला बा हयात नव्हता. जोडी माझ्या थोरल्या भावानं नेली. तो शेवटपर्यंत थांबलाच नाही. पाटलाच्या जोडीमागून सरळ तोरणाखालून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातली माणसं काठ्या घेऊन वस्तीत शिरली. भावाचा हात मोडला. गिरणीवाल्यानं आमचं दळण घेणं बंद केलं. दुकान बंद, मजुरीला बोलावणं बंद. मला मुंबईत फोनवर कळलं, तसं मी संपादकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बघतो."

संध्याकाळी काचेवर अक्षरं सरकली. 'हिंगोली जिल्ह्यात पोळ्याच्या वादातून दोन गटांत हाणामारी. परिस्थिती नियंत्रणात.'

मी वाचलं. तोंडाला सवय झालेली, ते आपोआप चालतं. वाचलं आणि हसून पुढच्या बातमीकडे वळलो. हसून! हुबेहूब बासारखा.

बातम्या संपल्या तसा मायचा फोन आला.

"असं काहून वाचलं रे? दोन गट कोनते? मारनारे एक गट, अन मार खानारे बी गटच व्हय? तुझ्या भावाच्या हातात साधी काडी न्हवती." मग म्हणाली, "सारी वस्ती बसली होती रे टीव्हीपुढं."

तिनं फोन ठेवला. लाजेनं माझं तोंड जळत होतं. तसाच उठून संपादकांच्या केबिनमध्ये गेलो. म्हणालो, बातमी बदला.

"भावनिक होऊ नकोस," ते म्हणाले. "तिकडच्या बड्या लोकांना दुखवून चालत नाही आपल्याला. आणि एक सांगू? तुला या खुर्चीत बसवलंय, हेच पुष्कळ आहे."

तुझा नंबर न्हाई अजून. तेच! फक्त शुद्ध मराठीत, एसीत बसून.

पुढच्या बातमीपत्रात तीच अक्षरं पुन्हा सरकू लागली. मी काचेवरची नजर काढली. माझं नाव सांगितलं, आडनावासकट. म्हणालो, "हिंगोली जिल्ह्यात आज दोन गट भांडले नाहीत. बौद्धांचा बैल रांग सोडून तोरणाखालून गेला, म्हणून वस्तीत घुसून माणसांना मारहाण केली. ज्याचा हात मोडला, तो माझा सख्खा भाऊ आहे."

कानात ओरडा चालू होता, "कट करा त्याला! कट करा!" मी कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि बोलत राहिलो. गिरणीचं सांगितलं, दुकानाचं सांगितलं. मग समोरच्या टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली.

गेटवर माझं कार्ड काढून घेतलं. गावी घरी आलो तर मायनं एवढंच विचारलं, "गेली नोकरी?"

"गेली."

"बरं. दळन सेनगावला न्यावं लागतं आता. उद्या तू ने."

कुणी हार घातला नाही. मारणारे जामिनावर सुटून पारावर बसलेत. गावची गिरणी आम्हाला अजून बंद आहे. भावाची मूठ नीट वळत नाही, कासरा धरता येत नाही त्याला. मी रोज मोबाइल समोर धरतो, आडनावासकट नाव सांगतो आणि गावात काय चाललंय ते बोलतो. काही जण ऐकतात, बरेच जण शिव्या घालतात. घालू द्या.

पोळा जवळ आलाय. परवा पाटलाचं ते पोरगं वाटेत आडवं आलं. आता सरपंच आहे. म्हणालं, "यंदा जोडी शेवटी आना. उगं तकलीफ नको."

मी म्हणालो, "कासरा यंदा माझ्या हातात हाय. मी मागं होनार न्हाई. अन हसनार तर मुळीच न्हाई."