पालीच्या बाई आणि ताडपत्राची पोथी

इतरांच्या मनात शंकेची पाल अधूनमधून चुकचुकते. आमच्या बाईंच्या मनात तिचा कायमचा मुक्काम होता. लोणावळ्याच्या शाळेत त्या पाली शिकवायच्या, म्हणून त्या ‘पालीच्या बाई’. आम्ही वात्रट पोरं फळ्यावर पाल काढून ठेवायचो. बाई ती पुसत नसत. म्हणायच्या, "शेपूट चुकलंय. नीट बघून काढा."

"बुद्धांनी ‘या आणि पाहा’ म्हटलंय, ‘या आणि हात जोडा’ नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. भाज्याच्या लेण्यांबाहेर भर उन्हात उभं करून त्यांनी आम्हाला ब्राह्मी वाचायला शिकवलं. अंदाज ठोकला की कान पिळलाच!

अलीकडे तुंगार्लीच्या बंगल्यातले एक गृहस्थ आमच्या भाज्याच्या विहारात ताडपत्राची पोथी घेऊन आले. दोन हजार वर्षांची, इथल्याच डोंगरात सापडलेली, म्हणे. ती अस्सल असल्याचं विहाराचं पत्र त्यांना हवं होतं. मग मोठ्या संग्रहालयात भाज्याचं नाव लागणार होतं. माझे वडील, आबा, विहार समितीचे अध्यक्ष. ते हरखून सहीला बसले. पोथी बनावट निघाली असती तर आबांसकट विहाराची अब्रू गेली असती. मी बाईंना बोलावून घेतलं.

बाईंनी पानं निरखली. म्हणाल्या, "आबा, पंचशील म्हणा जरा."

आबा हात जोडून म्हणू लागले. बाईंचं बोट ओळीवरून सरकत गेलं. शब्द न् शब्द जुळला. "साधू! साधू! साधू!" विहार दुमदुमला.

"जुळलं ना? म्हणूनच ही खोटी," बाई म्हणाल्या.

आमच्या वंदनेच्या पुस्तिकेत छापखान्यानं तिसरं आणि चौथं शील उलटसुलट छापलं होतं, आणि आमचा गाव इमानेइतबारे तसंच म्हणत आला होता. जुन्या कुठल्याच ग्रंथात हा क्रम नाही. पठ्ठ्यानं आमचीच पुस्तिका ब्राह्मीत उतरवून घेतली होती!

"म्हंजे बाई, आमी इतकी वर्सं चुकीचं म्हनत आलो?" आबांचा चेहरा पडला.

"म्हणत आलात म्हणून तर वाचलात!" बाई खळखळून हसल्या, आणि सगळा विहार हसला. गृहस्थ पोथी उचलून निघाले, तर बायकांनी दार अडवलं. संध्याकाळी आबांनी वडगावला जाऊन पोलिसांत तक्रार दिली. माझी छाती अभिमानानं फुगली होती.

बाई यंदा गेल्या. पुण्यानुमोदनाच्या सभेत आबा बोलायला उभे राहिले.

"पोथी खरी निघावी असं मला लय वाटत व्हतं," ते म्हणाले. "बाईंना माज्यापेक्षा जास्त वाटत व्हतं. खोटी म्हनताना डोळ्यांत पानी व्हतं त्यांच्या."

आम्ही सगळे तेव्हा हसण्यात दंग होतो. ते पाणी एकट्या आबांनी पाहिलं होतं.